सरूबाईची मॅच

तीस वर्षं झाली, मी क्रिकेटची एकही मॅच पाहिलेली नाही. हे ऐकून लोक माझी कीव करतात. करू देत. आमच्या घरात मॅच बघणं हे सरूचं काम आणि 'हूं' म्हणणं हे माझं.

सरू म्हणजे माझी बायको, सरूबाई. मी तातेराव, हैदराबादच्या सिटी बसचा रिटायर ड्रायव्हर. नोकरीत मला बहुतेक दुसरी पाळी असायची. मॅच रंगात यायची तेव्हा मी नेमका आबिड्सच्या गर्दीत हॉर्न वाजवत बसलेला असायचो. काचीगुड्याला घरी आलो की सरू ताट वाढायची आणि त्याबरोबर मॅचही वाढायची. पहिल्यांदा मी मुकाट्यानं जेवत राहिलो, तर ती मध्येच थांबली.

"हूं म्हणा की," ती म्हणाली. "आमच्या परभणीकडं म्हणतात, ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तर गोष्ट वाट चुकते."

तेव्हापासून मी हूं म्हणतो. तिचं सांगणं असं, की वरणाची वाटी म्हणजे विकेटकीपर, लिंबाची फोड म्हणजे बॅटर, आणि मिठाचा डबा कायमचा बाउंड्रीवर उभा. दर दोन घासांनी स्कोअर सांगायची, कारण माझं लक्ष भाकरीत गेलेलं असतं हे तिला ठाऊक. बॉलर धावत निघाला की ती गप्प व्हायची. माझा घास हातातच राहायचा. मग ती हळूच म्हणायची, "गेला."

मी रिटायर झालो तेव्हा आमच्या शिवानीनं भिंतीएवढा टीव्ही आणला. "बाबा, आता आरामात मॅच बघायची." पण मॅच सुरू झाली की मी पायांत चप्पल घालतो आणि स्टेशनकडं फिरायला निघतो. सरूची समजूत अशी, की या माणसाला क्रिकेटचं वावडं आहे, हूं म्हणतो ते केवळ बायकोचं मन राखायला. मी ती समजूत काही दुरुस्त केली नाही. कारण साधं आहे. मी मॅच पाहून बसलो तर ती मला सांगणार काय?

एकदा शिवानीनं आमच्या जेवणात फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि ते बोलणं सगळ्यांना ऐकायला इंटरनेटवर टाकलं. नाव दिलं 'सरूबाईची मॅच'. दुसऱ्या वेळी तिनं माझं हूं आणि ताटवाट्यांचे आवाज कापून टाकले, तर ऐकणाऱ्यांची तक्रार आली, हूंवाले काका कुठं गेले? निजामाबादपासून नांदेडपर्यंत लोक ऐकायला लागले. नर्सा, वॉचमन, ड्रायव्हर, मॅचच्या वेळी कामावर अडकलेली सगळी माणसं. माझीच बिरादरी.

आता यात सरूचं दुखणं काय, तर तिला कुणी ओळखत नव्हतं. एकदा आमच्या भाजीवाल्या मीनाकडं ती मेथी मागत उभी होती. मीना मूळची धर्माबादची, कानाला फोन लावून बसलेली. तिनं सरूला हातानंच थोपवलं. "थांबा की मावशी, सरूबाई लास्ट ओव्हर सांगायलीय. मेथी मग देते." सरूबाई तिच्यासमोर रिकामी पिशवी घेऊन उभी. घरी येऊन सरू हसली खूप, पण मग म्हणाली, "एकदा तरी लोकांनी तोंड बघावं माझं."

आणि महिन्याभरात टीव्हीचं बोलावणं आलं. शहराबाहेरच्या स्टुडिओतून एक मराठी चॅनेल चालतं, त्यांचा खेळावरच्या गप्पांचा कार्यक्रम. जमलं तर दर आठवड्याला खुर्ची पक्की. सरूनं निम्म्या काचीगुड्याला सांगितलं, मीनाला मुद्दाम दोनदा, पण तिला ते खरं वाटलं नाही. आदल्या दिवशी हैदराबादची मॅच होती. ती तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिली आणि मला मात्र सांगितली नाही. म्हणाली, "उद्यासाठी ठेवलीय." मी तसाच झोपलो. पोट भरलं होतं, पण जेवण झाल्यासारखं वाटेना. सकाळी पेपरची घडीही उघडली नाही आणि चहाच्या टपरीवरून तर कानांत बोटं घालून गेलो.

स्टुडिओत सरूच्या तोंडाला पावडर लावली, पदराला माइक टोचला, कानात यंत्र बसवलं. कार्यक्रम चालवणारा पुष्कर नावाचा चुणचुणीत पोरगा. त्यानं नियम सांगितले. "मावशी, मॅच सांगायची नाही. ती सगळ्यांनी पाहिलीय आणि मागं पडद्यावर परत दिसणारच आहे. तुम्ही फक्त मत द्यायचं, दोन वाक्यांत. आणि विक्रमसर काही बोलले की त्यांना मध्येच तोडायचं."

विक्रमसर म्हणजे क्लबकडून खेळलेले गृहस्थ, खास भांडायला बसवलेले.

"आणि हे हूं म्हणतील ना?" सरूनं माझ्याकडं बोट केलं.

"टीव्हीवर हूं चालत नाही मावशी. काका कॅमेऱ्यामागं बसतील. आवाज न करता."

कॅमेऱ्यामागं माझ्या खुर्चीसमोर भलामोठा पडदा होता. मला सुगावा लागला, की यावर आता कालची मॅच लागणार. मी उठलो, खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडं पाठ करून बसलो.

कार्यक्रम सुरू झाला. सरू म्हणाली, "तर बॉलर निघाला धावत..." तोवर पडद्यावर विकेट पडूनही गेली असावी, कारण पुष्कर म्हणाला, "ते दिसलंच मावशी. तुमचं मत काय? कॅप्टन चुकला का?" सरूला मतच नव्हतं. ती चूक शोधायला मॅच बघतच नाही. ती गप्प झाली. फोनवर ती अशी गप्प झाली की लोक श्वास रोखतात. टीव्हीवर मात्र वाटलं, बाईला काही येत नाही. विक्रमसर एकटेच भांडत राहिले. मला त्या पुष्करचा असा राग आला म्हणता! एका गप्प माणसाला सांभाळता येत नाही, आणि हे म्हणे गप्पांचे कार्यक्रम चालवतात.

जाहिराती लागल्या तशी मी मान वळवून पाहिलं. सरू मला शोधत होती. तिचे डोळे भरलेले होते. मग तिला माझी खुर्ची दिसली.

"अहो, असे उलटे का बसलात?"

"पडद्यावर मॅच लागलीय."

"मग बघायची की."

"तू अजून सांगितली कुठं?" मी म्हणालो. "तीस वर्षं टाळली, ती आज बघू का?"

तिनं पदरानं डोळे टिपले. "म्हणून तुम्ही फिरायला जाता?"

मी म्हणालो, "हूं."

जाहिराती संपल्या. पुष्करनं पुन्हा मत विचारलं. पडदा दिसू नये म्हणून डोळ्यांवर हात आडवा धरून मी मान वळवून ठेवली. सरूनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "बेटा, इथं एक माणूस आहे, त्यानं मॅच पाहिलेली नाही. आधी त्याला सांगते." आणि दोन कॅमेऱ्यांच्या फटीतून माझ्याकडं बघून तिनं सुरुवात केली. शेवटची ओव्हर, अकरा रन हवेत, आणि बॅटिंगला आपला अकरा नंबरचा गडी, ज्याच्या हातात बॅट त्याच्या आईनंसुद्धा पाहिली नसेल. टेबलावरचा पाण्याचा ग्लास बॅटर झाला, विक्रमसरांचं पेन बॉलर.

मला आवाज करायची बंदी होती. मी ओठ दाबून बसलो. सरू एका बॉलनंतर थांबली, वाट बघत. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "ऊं." कॅमेरा धरलेला तेलुगू माणूस होता. काल तोही ड्युटीवरच असणार. त्यांच्याकडंही गोष्टीला असंच म्हणत असावेत. पुढच्या बॉलला तो म्हणाला, "तर्वात, अम्मा?" म्हणजे, पुढं काय? त्याच्या पुढच्या बॉलला विक्रमसर भांडण विसरून म्हणाले, "मग?" सगळी मॅच पाहिलेला माणूस! पुष्करनं हळूच हात हलवून मागचा पडदा बंद करायला लावला.

शेवटच्या बॉलवर चार रन हवे होते. बॉलर धावत निघाला, सरू गप्प झाली, स्टुडिओ गप्प झाला, आणि कार्यक्रमाची वेळ संपून जाहिराती लागल्या.

निघताना पुष्कर गेटपर्यंत आला. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात काकांनाही माइक लावू." शिवानीचा फोन आला, की मीना टोपली टाकून घरी पळत आली होती आणि 'ती मेथीवाली मावशी' असं म्हणत कपाळावर हात मारून घेत होती. सरूनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

काचीगुड्याच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मी म्हणालो, "सरू, शेवटचा बॉल राहिला."

आमच्याकडं बायकांना बस फुकट, तर कंडक्टरनं तिला तिचं शून्याचं तिकीट देता देता तोंड उघडलं. "अरे चाचा, कालची मॅच ना? त्यात तर..." सरूनं त्याच्यापुढं बोट धरलं. तो तिथंच थांबला, दांडी धरून.

"उंच मारला," ती म्हणाली.

"हूं."

"मिठाचा डबा बरोबर खाली उभा. दोन्ही हात वर."

"हूं."

सरू गप्प झाली. पुढच्या सीटवरच्या दोन बायका मागं वळल्या. बस सिग्नलला थांबली. सरूनं माझा हात धरला, तीस वर्षांत सांगता सांगता कधी धरला नव्हता, आणि म्हणाली, "सुटला. आणि दोरीपलीकडं गेला."

मी अशी टाळी वाजवली की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं.