साइडकारचं चाक

नायगाव स्टेशनबाहेर पंक्चर काढणारा एक माणूस बसायचा. मिठागरांच्या बाजूचा, पन्नाशीचा. टायरवर बोटाने टकटक करायचा, कलिंगड बघावं तसा कान लावायचा आणि हवा किती ते सांगायचा. मला ते निव्वळ ढोंग वाटायचं.

माझ्या स्कूटरला साइडकार होती. ऑफिसला जाताना मी गाडी त्याच्या टपरीला लागून उभी करायचो. एकदा साइडकारचं चाक, नेमकं त्याच्या बाजूचं, पंक्चर झालं. काढायला होताच तो! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी हवा मोजायचं गेज विकत आणलं आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यादेखत त्या चाकाला लावू लागलो. आकडा रोज थोडा उतरलेलाच. शेवटी एका संध्याकाळी चार माणसांसमोर बोललो, "हवा कोण काढतं ते कळतं हं मला!"

तो चिडला नाही. व्हॉल्व्हला थुंकी लावून त्याने बराच वेळ बघितलं. एकही बुडबुडा आला नाही.

"साहेब, तुमी ते गेज लावता तवा फुस्स होतं ना? रोज दोनदा. हवा तुमीच काढता. बाकीची दोन चाकं तुमी कदी मोजली नाय. ती बगा, कशी कडक हायेत."

मी वाकून दोन्ही चाकं दाबली. कडक होती.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी स्टेशनच्या पलीकडे लावू लागलो. त्याच्यावरचा संशय फिटला होता, म्हणूनच.