बांधाच्या आत किती
संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी जमीन मोजायला जामसरला गेलो. तिथल्या एका विधवेचं चौकोनी शेत तिच्या दिराला हवं होतं. बदल्यात तो ओढ्याकाठची लांबट पट्टी देत होता. दोन्हींच्या बांधांवरून त्याने चालून दाखवलं. पावलं सारखीच भरली. मला पुढे जायची घाई होती, मीही मान डोलावली.

ती बाई वाद घालत बसली नाही. खळ्यावर तिने एका दोराची टोकं बांधली, त्याचा चौकोन केला आणि आत नागलीच्या पेंढ्या दाटून मांडल्या. मग तोच दोर ओढून लांबट केला. निम्म्या पेंढ्या बाहेर राहिल्या.

"दोर तोच हाय, भाऊ," ती हळूच म्हणाली. "पण पोरं काय बांध खातील?"

मी साखळी टाकून दोन्ही तुकडे नीट मोजले. पट्टी निम्म्याहून थोडीच जास्त भरली. अदलाबदल तिथेच मोडली.

शाळेत क्षेत्रफळाची गणितं माझी कधी चुकली नव्हती. त्या दिवशी मात्र मला लाज वाटली. कागदावर तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं. तेच पुन्हा लिहून मी मोखाड्याकडे निघालो. तिचं नाव कुठल्याच रकान्यात लागत नव्हतं, म्हणून मी ते विचारलंही नाही.