नागपंचमीला कापलेली माती

"चेंडू उचलायला जाऊ नकोस. त्याच्याखालची माती काप, चेंडू आपोआप उठतो." हे वाक्य मी साताऱ्यात वर्षभर ऐकलं आणि वर्षभर मला ते पटलं नाही. जी वस्तू वर जायला हवी तिला वरून खाली मारायचं, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. बेचाळीसची चळवळ पेटून वर्ष होत आलं होतं. आमच्या गोऱ्या साहेबाला गोल्फचं वेड. त्याचे जोडीदार एकेक करून लढाईवर गेले, तेव्हा त्यानं कचेरीभर नजर फिरवली आणि ती नेमकी माझ्यावर येऊन थांबली. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी जन्माचा भित्रा. आमच्या शिराळ्यात नागपंचमीला दारोदार जिवंत नाग पूजेला आणायचे, तेव्हा मी घरात उतरंडीमागं जाऊन बसायचो. शिराळ्याचा असून नागाला भितो म्हणून सगळी आळी मला हसायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्यापाठी साहेब लागला.

खेळायचं ते गावाबाहेरच्या माळावर. गवत खुरटं, आणि जिथं चेंडू घालायचं भोक तिथं हिरवळीचं नाव नाही. वाळूत जळकं तेल कालवून, वर रोलर फिरवून केलेला तपकिरी गोल. साहेब त्याला ब्राऊन म्हणायचा. लांबचा फटका मला बरा जमे. ऊस तोडलेले हात होते माझे. पण ब्राऊन जवळ आला की घोळ व्हायचा. तिथं हलक्या हातानं चेंडू थोडासा उडवायचा असतो, म्हणजे तो गोलावर टपकन पडतो आणि थांबतो. मी त्याला उचलायला जायचो, काठीच्या लोखंडी पात्याची धार त्याच्या पोटात बसायची, आणि चेंडू गोल ओलांडून पार पलीकडच्या झुडपात पळायचा.

साहेब रागावत नसे, हेच वाईट. तो चेंडू पुन्हा त्याच जागी ठेवायला लावायचा. वजन डाव्या पायावर. हात चेंडूच्या पुढं. मनगटं मोडू नकोस. चेंडू गेला तरी मान खालीच ठेव. मी घरामागच्या परसात एक पाटी ठेवून संध्याकाळी सराव करू लागलो. आषाढ लागेपर्यंत बरेचसे चेंडू पाटीत पडायला लागले. खरं सांगतो, पातं मातीत घुसताना होणारा तो 'थप्' आवाज मला आवडायलाही लागला होता.

मग पाऊस लागला, माळ चिखलानं भरला आणि खेळ बंद पडला. माळावर आता कुत्रंही फिरकत नव्हतं. म्हणूनच मी धाकट्याला तिथं लपवला.

माझा धाकटा भाऊ चळवळीत होता, भूमिगत. त्याच्या नावाचं वॉरंट होतं. नडगीला झालेली जखम चिघळून त्याला ताप भरला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला माझ्याकडं आणून सोडलं. वारणेपलीकडं न्यायची सोय करून येतो, म्हणाले, आणि गेले. माझं बिऱ्हाड पोलीस लाइनीला लागून. घरात ठेवणं म्हणजे आपल्या हातानं त्याला चौकीवर पोचवणं. पण माळावरच्या शेवटच्या ब्राऊनमागं घाणेरीचं रान होतं आणि त्या रानात जुन्या रस्त्याची एक दगडी मोरी होती. ओढा आमच्याच खात्यानं दुसरीकडं वळवल्यामुळं मोरी भर पावसातही कोरडी असायची. त्या मोरीची आठवण माझ्याशिवाय कुणाला असण्याचं कारण नव्हतं. आत गवत अंथरून मी त्याला निजवला. हे आम्हा दोघांशिवाय फक्त आक्काला माहीत होतं. थोरली बहीण, पंचमीला म्हणून माझ्याकडं आली होती. भाकरी, पाणी, जखमेला हळद ती बांधून द्यायची आणि अंधार पडला की मी पोचवून यायचो. येताना कुणी नुसतं राम राम म्हटलं तरी काळजात धस्स व्हायचं.

नागपंचमीच्या सकाळी आभाळ उघडलं. उघडलं त्याचा मला आनंद झाला, आणि तो आनंद टिकला नाही. साहेबाचा पट्टेवाला दारात. आज सुट्टी आहे, ऊन आहे, साहेब माळावर वाट बघतोय.

मी आत आलो. आक्का नागाच्या चित्रापुढं दूध-लाह्या मांडत होती. आदल्या दिवशीचा भावाचा उपास तिनं अजून सोडला नव्हता. पूजा झाल्यावर दुपारी ती जेवणार होती.

"पोट दुखतंय म्हनून सांगू का?" मी हळूच विचारलं.

"आन् साहेब एकटाच हिंडला म्हंजे? चेंडू हुडकत कुठं बी घुसंल. तू असलास तर त्याला आवरशील. जा." मग माझ्या हातातल्या काठीचं पातं बघून म्हणाली, "पन येक ध्यानात धर. आज मातीला लोखंड लावू नगंस. नागाचं पिल्लू कापलं, तर त्याचं उट्टं आपल्याच घरात निघतं."

आमच्याकडं त्या दिवशी नांगर धरत नाहीत, कुदळ उचलत नाहीत. घरात विळीसुद्धा आडवी घालून ठेवतात, आणि चिरायचं-तळायचं काही नको म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. मी चार बुकं शिकलेला, मला हे काही खरं वाटत नव्हतं. पण आईनं लहानपणी घातलेली भीती बुकं शिकून जात नाही. मी बरं म्हणालो.

पहिले काही ब्राऊन मी कसे खेळलो, देव जाणे. शेवटचा जसजसा जवळ येत गेला तसतसा मी रेंगाळत चालू लागलो. लढाईमुळं विलायतेहून चेंडू येणं बंद झालं होतं, त्यामुळं साहेब एकेक चेंडू जिवापाड जपायचा. हरवला तर सापडल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नसे. आता माझा चेंडू ब्राऊनच्या अलीकडं, थोड्याच अंतरावर पडला होता. समोर तपकिरी गोल, त्यामागं घाणेरी, आणि घाणेरीत माझा भाऊ.

मी उभा राहिलो. वजन डाव्या पायावर, हात पुढं, सगळं बरोबर. पातं खाली यायला लागलं आणि आक्काचा आवाज कानात आला. हातांनी माझं ऐकलं नाही. ते आपसूक वर उचलले गेले, मातीला लागू नये म्हणून. धार चेंडूच्या पोटात बसली. पावसानं घट्ट झालेल्या वाळूवरून तो असा सुटला की गोल ओलांडून थेट घाणेरीत शिरला.

साहेब "अरेरे" म्हणाला आणि झुडपांकडं चालू लागला.

"साहेब, थांबा! आज नागपंचमी आहे. असल्या रानात आज नाग असतात."

तो थांबला. हसला. "तू त्या नागवाल्या गावचाच ना? मग तूच जा."

मी काटे ओरबाडत आत शिरलो. चेंडू मोरीच्या तोंडाशीच पडला होता. आत अंधारात दोन डोळे चमकत होते. भाऊ भिंतीला पाठ लावून बसला होता, ओठ तापानं फुटलेले.

"दादा, कोन हाय रं संगं?"

"साहेब. गप ऱ्हा."

"खोकला यायला लागलाय."

"तोंडात धोतर कोंब," एवढंच मी म्हणालो. त्याच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही. चेंडू उचलून बाहेर आलो, सापडला सापडला असं ओरडत. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

वाटलं, सुटलो. पण साहेबातला मास्तर जागा झाला होता. त्यानं चेंडू माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. "वर्षभर शिकवलं ते एका सकाळीत विसरलास? मार. माती काप. आणि या वेळी पलीकडं गेला तर तू राहू दे, माझ्या पायात बूट आहेत, मीच आणतो."

तेवढ्यात घाणेरीत काहीतरी खुसपुसलं. खोकला दाबल्याचा तो आवाज मी ओळखला. साहेबानंही मान वळवली. "नाग आहे," मी म्हणालो, आणि तो पुन्हा हसला.

आता चेंडू त्या गोलावर थांबलाच पाहिजे होता. तो थांबायचा एकच रस्ता मला शिकवलेला होता. लोखंड मातीत घालायचं. आजच्या दिवशी. मी चेंडूकडं बघितलं नाही, त्याच्या पुढच्या गवताच्या काडीकडं बघितलं आणि मनात म्हणालो, जे काय उट्टं काढायचं ते माझ्यावर काढ, त्याच्यावर नको. मग पातं सोडलं.

थप्. ओल्या मातीचा भाकरीएवढा तुकडा उडाला. मी मान वर केलीच नाही, करायची ताकदच नव्हती. साहेब टाळ्या वाजवायला लागला तेव्हा कळलं, चेंडू वर उठून गोलावर अलगद पडला होता आणि भोकाजवळ जाऊन थांबला होता. "अखेर जमलं!" साहेब म्हणाला. कापलेला तुकडा परत जागेवर बसवायचा असतो, हा त्याचा नेम. पण त्या दिवशी खुशीत तोही विसरला आणि मीही. मला फक्त तिथून निघायचं होतं.

घरी आलो तेव्हा आक्का ताट वाढून बसणारच होती. तिनं काठीचं पातं बघितलं. माती पुसायचं मला सुचलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. तिनं ताट झाकून ठेवलं. "त्यो सुखरूप गेल्याची खबर येऊस्तवर मला जेवान जायाचं न्हाई," म्हणाली. मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. ती नुसती चुलीजवळ बसून राहिली.

त्या संध्याकाळी मी भाकरी घेऊन निघालो, तर माळाच्या वाटेवर पोलिसांची गस्त उभी. तसाच मागं फिरलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याचा खोकला कुणी ऐकला असेल, की ताप डोक्यात गेला असेल, की खरंच मोरीत नाग शिरला असेल. बाजूला आक्का उपाशी जागी होती.

उजाडताच रस्ता तपासायचं निमित्त काढून माळावर गेलो. मोरी रिकामी. गवत दबलेलं, पाण्याचं भांडं उपडं. सोबत्यांनी नेलं की पोलिसांनी उचललं, हे त्या रिकाम्या मोरीवरून कळत नव्हतं. कुणाला विचारायची सोय नव्हती.

परत फिरताना पाय आपोआप त्या जागेकडं वळले. आणि मी थबकलो.

कापलेला मातीचा तुकडा जागेवर होता. कुणीतरी तो शोधून आणून, कडेला कड जुळवून, नीट बसवला होता. वर दोन-चार लाह्या ठेवलेल्या, आक्कानं पंचमीच्या आदल्या रात्री भाकरीबरोबर पाठवलेल्या. आणि कडेच्या ओल्या मातीत दाबलेला हाताचा ठसा. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी. धाकट्याची ती लहानपणी गुऱ्हाळातल्या चरकात गेली होती.

पोलिसांनी धरलेला माणूस माती बसवायला थांबत नाही. तो आपल्या पायांनी गेला होता. साहेबाचं 'माती काप' आणि माझा तो 'थप्' त्यानं मोरीतून ऐकला असणार. देव न मानणारा माझा भाऊ, तापानं फणफणलेला, माझ्या हातून कापलेली माती सांधून गेला होता. मी खाली बसलो आणि मला रडू फुटलं. पण रडायला वेळ नव्हता, कुणी बघितलं असतं. मी माझा तळहात त्या ठशावर ठेवला, तो पुसला जाईपर्यंत दाबला, आणि उठलो.

आक्का उंबऱ्यातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आत मी माझा मातीनं भरलेला हात पुढं केला आणि करंगळी दुमडून दाखवली.

"गेला," मी म्हणालो. "जेव आता."