अर्ध्यावर राहिलेली वाक्यं

त्या शुक्रवारी सकाळी हसनभाईंचा फोन आला तेव्हा मी फर्नेसजवळ उभा होतो. तिथल्या आवाजात काही ऐकू येत नाही. "हॅलो, मानेसाहेब, ते जरा…" एवढं कानावर पडलं आणि मी "नंतर लावतो" असं ओरडून फोन बंद केला. लावला तो जेवायच्या सुट्टीत. हसनभाई शांतपणे म्हणाले, "शमीम गेली, साहेब. पहाटंच. दुपारी असरच्या नमाजनंतर नेणार हाय. तुमाला कळवायलाच फोन केलता." मी डबा तसाच झाकून ठेवला. शमीम मुजावर मॅडम माझ्या कोच होत्या, हसनभाई त्यांचे भाऊ. अडीच वर्षं त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि त्यांच्या मरणाची बातमीसुद्धा मी अर्ध्यावर तोडली होती. त्या दिवशी हे माझ्या लक्षातही आलं नाही… ते नंतर आलं.

कोच म्हटलं की आपल्याकडे लोकांना क्रिकेट आठवतं, नाहीतर दहावीचे क्लास. मी मॅडमकडे जायला लागलो तेव्हा माझ्या एका मित्राने भर लग्नात विचारलं होतं, "या वयात क्लास लावलास व्हय रे?" शिरोली एमआयडीसीत आमचं ओतकाम आहे, वडिलांनी सुरू केलेलं. वाहनांच्या कंपन्यांना कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, देतो. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमची तपासणी केली आणि अहवालात लिहिलं की इथले सगळे निर्णय एकाच माणसापाशी येऊन थांबतात. खरं सांगतो, मला ते कौतुक वाटलं. मी तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला. तिने वाचला आणि पोळ्या लाटायला गेली. पुढे त्याच गिऱ्हाइकाने सुचवलं की मालकांनी एक्झिक्युटिव्ह कोचिंग घ्यावं, कोल्हापुरातच एक बाई आहेत. मॅडमनी पुण्याच्या कारखान्यांतून वीस-बावीस वर्षं माणसांचं खातं, म्हणजे एचआर, सांभाळलेलं होतं. आईच्या आजारपणात त्या कोल्हापूरला परतल्या, भावाकडेच राहिल्या आणि आई गेल्यावरही इथून हलल्या नाहीत.

पहिल्या भेटीत मी माझ्या मॅनेजरांची यादी घेऊन गेलो होतो. कोणाला काय शिकवायचं तेही नावासमोर लिहिलं होतं. हसनभाईंच्या घराची पुढची खोली, दोन वेताच्या खुर्च्या, खिडकीत शिलाई मशीन. मॅडमनी यादी वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "यातलं कुणी न्हाय ओ मानेसाहेब. तुमच्यासंगंच बसायचं हाय."

"मला काय शिकवणार तुमी? ओतकामातलं काय ठावं हाय तुमाला?"

"काय सुदिक न्हाय. आन् सल्ला बी द्यायची न्हाय मी."

"मग करणार काय?"

"ऐकणार."

मी मोठ्याने हसलो. कोल्हापुरात ऐकायला माणूस लागतो हेच मला नवीन होतं, इथं बोलणाऱ्यांनाच रांग आहे. मॅडमही हसल्या. मग त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. दर पंधरवड्याला गुरुवारी एक तास, फोन बंद ठेवून. आणि एकदा आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसू द्यायचं. या खोलीत बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. असं सगळेच सांगतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

त्या सोमवारी मॅडम पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी मी फॉर्मात होतो. मला वाटलं, चला, बाईंना कळू दे कारखाना कसा चालवतात ते. गुरुवारी त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. रेघा मारलेला साधा वहीचा कागद, सुबक अक्षर, नावं कोणाचीच नाहीत. एकाखाली एक अकरा वाक्यं होती आणि एकही पुरं नव्हतं. "दादा, ते वाळूचं मला वाटतंय की…" "त्या गिऱ्हाइकाला आपण एकदा आधीच…" "गेल्या खेपेला बी आपण असंच…" "एक इचारू काय, म्हंजे ते…" "दादा, मी आता यातनं…"

"हे काय हाय?" मी विचारलं.

"तुमी मधी बोललासा तिथं थांबलेली वाक्यं. कुणाची ते सोडा. पुढं काय म्हणणार हुती ती माणसं, तेवढं सांगा."

मला एकाचंही पुढचं सांगता आलं नाही. तीस वर्षं मी त्या लोकांबरोबर जेवलो होतो, त्यांच्या पोरांच्या बारशांना गेलो होतो. मी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग चिडलो, बरंच काही बोललो. माणसं मुद्द्याचं बोलत नाहीत, वेळ जातो, भट्टी थांबत नाही, वगैरे वगैरे. मॅडमनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागल्या. एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. किती वेळ गेला कोण जाणे. त्या शांततेत माझ्याच तोंडून आलं, "मी थांबलो तर काय तरी भलतंच ऐकायला लागंल, असं वाटतंय मला." हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. आजही त्या क्षणाची आठवण झाली की मी थक्क होतो. नुसता चष्मा पुसून माणसाच्या पोटातलं ओठावर आणणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढे एकदा मी त्यांना या चष्म्याबद्दल विचारलं. खिडकीतलं मशीन त्यांच्या वडिलांचं होतं, ते शिंपी. मॅडम म्हणाल्या, "अब्बांच्या दुकानात मी माप लिहून घ्यायची. टेप लावली की माणूस पोट आत घेतोय. कसला बी असू दे. अब्बा मग टेप तशीच धरून उगंच खडू शोधायचे. जरा वेळानं माणूस दमतोय, श्वास सोडतोय. मग माप घ्यायचं." एवढं सांगून त्या चहा आणायला गेल्या. एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणजे काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. जाडजूड इंग्रजी पुस्तकं आहेत त्यावर, मीही एक-दोन आणून ठेवली. पण मला ते समजलं ते त्या खडूच्या गोष्टीतून.

त्या कागदावरची दहा वाक्यं कोणाची हे मला ओळखता आलं नाही, अकरावं मात्र आलं. "दादा, मी आता यातनं…" हे माझ्या धाकट्या भावाचं, सुधीरचं होतं. भट्टी तो सांभाळतो. मी मॅडमना विचारलं, "सुधीरचं न्हवं हे?" त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "कुणाचं असंल असं वाटतंय त्याला जाऊन इचारा की."

धाडस करायला मला तीन आठवडे लागले. एका रविवारी सुधीरच्या घरी गेलो, गच्चीवर बसलो आणि विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणत हुतास?" तो म्हणाला, "कवा? काय न्हाय." माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. मी चष्मा काढला. माझा चष्मा कधी घाण नसतो, तरी पुसला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सांडगे वाळत घालत होतं, त्यांचं अख्खं ताट घालून झालं… आणि सुधीर म्हणाला, "मी बाहेर पडणार हाय, दादा. हुबळीला एकाशी बोलणं झालंय माझं." वडील गेल्यापासून तो माझ्या शेजारी उभा होता. भट्टीची झळ त्याने खाल्ली आणि सत्काराच्या शाली मी घेतल्या. तो तासभर बोलला. कास्टिंग नुसती ओतून विकण्यापेक्षा आपणच मशीनवर पूर्ण करून द्यावीत, असं त्याच्या मनात होतं. त्याचे नकाशे चार वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मी ते उघडलेही नव्हते.

गुरुवारी मी मॅडमसमोर जवळजवळ रडलो. "त्याला थांबवू कसा ते सांगा. एवढा एकच सल्ला द्या." त्यांनी दिला नाही. एवढंच विचारलं, "तो थांबावा असं वाटतंय, का काम अडू ने असं वाटतंय?" उत्तर द्यायला मला आणखी दोन गुरुवार लागले. मग मी सोमवारची खुर्ची सुधीरला दिली आणि स्वतः पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसलो. पहिल्या मीटिंगला मी जीभ इतकी चावली की जेवताना तिखट सोसेना. सुधीरने हुबळीला नकार कळवला, ते मला चार महिन्यांनी कळलं. आता मशीन शॉप उभं आहे आणि ते त्याचं आहे. माझा स्वभाव गेला असं कोणी समजू नये. अजूनही महिन्यातून दोनदा मी कोणाला तरी मध्येच तोडतो. पण आता माणसं म्हणतात, "दादा, माझं व्हायचं हाय अजून." तीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

मॅडमना शेवटचं भेटलो ते त्या जाण्याच्या पाच-सहा आठवडे आधी. त्या वाळल्या होत्या, मला वाटलं रोजे धरून. खरं तर रोज्यांचे दिवस नव्हते, एवढाही विचार मी केला नाही. सुधीरने त्याच आठवड्यात स्वतःच्या हिमतीवर पहिलं मोठं काम मिळवलं होतं आणि तासभर मी तेच सांगत होतो. निघताना दारात त्या म्हणाल्या, "मानेसाहेब, पुढच्या खेपेला मी…" आणि मी म्हणालो, "पुढच्या खेपेला तुमी कारखान्यावरच यायचं! सुधीरचं मशीन दाखवतो तुमाला." त्यांनी चष्मा काढला, पुसला. मी चपला घालत होतो. "व्हय, बघू की," त्या हसून म्हणाल्या. नंतर एकदा निरोप आला, तब्येत बरी नाही, कळवते. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवलं.

त्या शुक्रवारी कब्रस्तानात एमआयडीसीतली आठ-दहा माणसं उभी होती. त्यांत शेजारच्या फौंड्रीचे चौगुले होते. आमचं सहा वर्षं बोलणं नाही. माझा एक चांगला साचेवाला त्यांनी नेला, असं माझं म्हणणं. मीच त्याला घालवला, असं त्यांचं. तीन मुठी माती टाकून मी मागे वळलो तर ते समोर. "तुमी हितं?" "तुमी?" तेव्हा कळलं की ते बुधवारी जात होते. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. चौगुलेंना मी घातलेल्या शिव्या मॅडमनी गुरुवारी ऐकल्या आणि माझ्या नावाच्या शिव्या आदल्या दिवशी. अडीच वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. खोलीबाहेर काही जाणार नाही हा शब्द त्यांनी किती जपला होता, ते मला त्या मातीवर उभं राहून समजलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

चौगुले हळूच म्हणाले, "मला सांगितलंतं त्यांनी आजाराचं. पुढं बसणं व्हायचं न्हाय म्हणाल्या. तुमाला बी सांगितलं असंलच की."

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलंतं." खोटं बोललो.

नंतर हसनभाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की मॅडमनी आपल्या सगळ्या वह्या शेवटच्या दिवसांत स्वतःच्या हाताने फाडल्या. कोणाचं काय होतं त्यांत, ते घरातल्यांनाही ठाऊक नाही. म्हणजे त्यांच्या अक्षरातलं माझ्याकडे उरलं ते तेवढंच, तो अकरा वाक्यांचा कागद. तो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नंतर एकदा काच उचलली आणि खाली बारावी ओळ माझ्या अक्षरात लिहिली. "मानेसाहेब, पुढच्या खेपेला मी…" या एका वाक्याचं पुढचं मला आता माहीत आहे. पण ते त्यांच्या तोंडून ऐकायची पाळी माझी होती आणि मी चपला घालत होतो.

सोमवारी मीटिंगच्या आधी मी तो कागद वरपासून वाचतो. बाराव्या ओळीपाशी आलो की चष्मा काढून पुसतो, एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मग पिंपाशेजारी जाऊन बसतो आणि सुधीरला म्हणतो, "सांग."