सारजामामी आणि दर्यावरचे चाचे

सारजामामीला कुणी भोळी म्हणलं की माझं टाळकं सणकतं. भोळी? अरे, दीडशे मेंढरांतलं एक कमी झालं तर नुसत्या नजरंनं ओळखणारी बाई ती! चोरीला गेलेली मेंढी तिनं एकदा भिगवणच्या बाजारात हेरली. चोरानं आमची गेरूची खूण पुसून निळा रंग फासला हुता. मामी म्हणली, "रंग बदलला म्हणून चाल बदलती व्हय रं मुडद्या?" आन मेंढी घेऊनच घरी आली. असल्या बाईला सहा वर्सं फसवली ती मी. मी कुंडलिक, तिच्या सख्ख्या नणंदेचा पोरगा.

मामीच्या घरची एक रीत हुती. मेंढरं राखणाऱ्या गड्यानं 'लांडग्यानं मारलं' म्हणून सांगितलं, तर मेलेल्या मेंढराचा कान कापून मामीच्या हातावर ठेवायचा. कान न्हाय आणला तर जित्रब जितं हाय असं धरायचं आन हुडकत फिरायचं. मग त्याला उन्हातान्हाचं, जेवणाचं कारण चालायचं न्हाय. मी आन तिचा एकुलता एक मल्हार, दोघंबी या रीतीत वाढलो.

दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन घाट उतरायचो. श्रीवर्धनच्या अलीकडं भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात भात मिळायचं. तितंच मल्हारनं पहिल्यांदा दर्या बघितला आन येडा झाला. मेंढरं एकीकडं आन हा वाळूत बसून लांबची जहाजं बघतोय. मामी लाखोली वाहायची, पण बेणं काय ऐकतंय! पुढं तितल्याच सावळाराम तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, वशिल्यानं आमी दोघं मालाच्या जहाजावर खलाशी लागलो. मल्हारचं तवा लगीन होऊन वरीस झालं हुतं. बायको सुकन्या, बावड्याची.

सावळाराम तांडेल म्हणजे गोष्टींचं पोतं. सांगायचा, गुजरातच्या किनाऱ्यावरचे जुने चाचे व्यापाऱ्याला धरलं की चिंच कालवलेलं खारं पाणी पाजायचे, म्हणजे त्यानं गिळलेले मोती ओकून बाहेर पडायचे. आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणायचे, ह्याचा तांडेलाला लई राग. "आमच्या दर्यात आमच्या परवान्याशिवाय शिरायचं, आणि वर आम्हालाच चोर म्हणायचं!" आंग्र्यांनी धरलेले गोरे म्हणं किल्ल्यात वर्सानुवर्सं राहायचे, तितंच कामाला लागायचे आन एक दिवस सुटून किनाऱ्याला यायचे. मल्हार पोट धरून हसायचा. चाचे म्हणजे आमाला गोष्टीतलीच माणसं वाटायची.

ब्याण्णव साली सिंगापूरच्या पुढं ती खरोखर आली. तांडेल त्या फेरीला न्हवता. मी सकाळी दात घासत हुतो. गोष्टीतल्यासारखं काय बी न्हवतं. चड्डीवरची दहाबारा पोरं, हातात आमच्याकडं ऊसतोडीला असतात तसले कोयते. त्यांनी आमच्या डोळ्यादेखत जहाजाचं नाव खरवडून दुसरं रंगवलं. मल्हार एकाच्या अंगावर धावला. खांद्यात कोयता बसला. मग आमा नऊ जणांना एका रबरी तराफ्यात ढकललं आन जहाज घेऊन गेली.

चार दिवसांत मल्हारचा खांदा सडला. पाणी आमी डबड्याच्या टोपणानं वाटून घेत हुतो, दिवसाला दोन टोपणं. मरणाऱ्यावर पाणी घालवायचं न्हाय असं पाचव्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं. मल्हार तापात म्हणत हुता, "कुंडल्या, घोटभर दे रं." माझ्या वाट्याचं टोपण माझ्या हातात हुतं. मी पिलो. सांजच्याला तो गेला. त्याच्या दंडावरचा बिरोबाचा चांदीचा ताईत मी दातानं सोडवून घेतला. कान म्हणूनच घेतला. मग त्याला पाण्यात सोडला. अकराव्या दिवशी मासे धरणाऱ्या नावेनं आमाला उचललं. तराफ्यावरची बाकीची माणसं परमुलखातली, ती आपापल्या देशाला गेली. प्रेत न्हाय म्हणून कंपनीच्या कागदावर मल्हारच्या नावापुढं 'बेपत्ता' लागलं.

गावाला, डाळजला आलो तर मामी फाट्यावरच उभी. रडणं न्हाय, भेकणं न्हाय. माझ्यापुढं हात पसरून म्हणली, "कान आणलास का?"

खिशात माझ्या बोटाला ताईत लागत हुता. वाटंनं शंभरदा घोकून आलो हुतो. पण ताईत दिला तर ती इचारणार, कसा मेला? शेवटाला काय म्हणला? पाणी पाजलंस का? मी हात खिशातनं रिकामाच काढला. मी म्हणलं, "न्हाय."

"मग जिता हाय," मामी म्हणली आन माझी पिशवी उचलून चालायला लागली.

झालं! मी हायवेच्या कडंला पंक्चरचं दुकान टाकलं आन मामीच्या घरी चाच्यांच्या गोष्टी सांगायला लागलो. दर सोमवारी मामी चुलीपाशी बसवून घ्यायची. तांडेलाच्या गोष्टी संपल्या तवा मी माझ्या जोडल्या. मल्हारला चाच्यांनी धरून बेटावर ठेवलाय, जहाज रंगवायला लावलाय, चाच्यांना भाकरी थापून घालतोय. भाकरीचं ऐकून मामी हसायची. "त्याला वाटोळी येतीय कुठं!" त्या हसण्यासाठी मी आणखी खोटं बोलायचो. लाज कशी वाटली न्हाय मला, तेच कळत न्हाय.

पंच्याण्णव साली सुकन्यावैनीचा भाऊ सोपान आला. बावड्यातला एक बायको मेलेला माणूस, चांगला, निर्व्यसनी, वैनीशी पाट लावायला तयार हुता. आमच्यात बाईचं दुसरं लगीन व्हतं, त्यात वावगं काय न्हाय. मी ओट्यावर बसलो हुतो. वैनीनं मला चहा दिला. मी आणखी साखर मागितली.

मामी सोपानवर कडाडली, "जित्या माणसाच्या बायकोचा पाट लावता व्हय रं?" मग माझ्याकडं वळली. "सांग कुंडल्या. कान आलाय का?"

वैनी दाराच्या चौकटीला धरून उभी हुती. माझ्याकडंच बघत हुती.

"न्हाय," मी म्हणलं. "चाचे कामाच्या माणसाला मारत न्हाईत, मामी. आंग्र्यांनी धरलेली माणसं तर बाराबारा वर्सांनी सुटली."

सोपान टोपी घालून निघून गेला. मी चहा संपवला.

अठ्ठ्याण्णवच्या फाल्गुनात वैनी सकाळीच दुकानावर पळत आली. "भावजी, आत्याबाई घरात न्हाईत. घोंगडं न्हाय, भाकरीचं फडकं न्हाय." त्याच आठवड्यात सोमवारी मामी मला म्हणली हुती, चुकलेलं मेंढरू शेवटी जुन्या मुक्कामावर येतं. मी म्हणलं हुतं, व्हय, येतं की.

श्रीवर्धनला पोचायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मामी त्याच वाळूत बसली हुती, जितं मल्हार बसायचा. मांडीवर त्याचं घोंगडं, शेजारी त्याच्या वाट्याच्या दोन वाळलेल्या भाकरी. तोंडाभोवती हात धरून ती दर्याकडं बघून हाळी देत हुती, "हुर्रर्र… या ऽ ऽ", लांब गेलेल्या मेंढराला घालतात तशी. आवाज पार बसला हुता. पाय सुजून मोठे झाले हुते. कोळ्यांची माणसं घरी बोलवून दमली, पण ती जागची हलली न्हवती. मल्हार आला आन आपण नसलो तर?

मला बघून तिनं ओठ हलवले. "आलास? घोटभर पाणी दे रं, कुंडल्या."

आईशप्पथ सांगतो, तोच आवाज. मी बाटली तिच्या हातात दिली आन पायाशी बसकण मारली. सगळं सांगितलं. कोयता, ताप, टोपण, सगळं. ताईत काढून पुढं धरला.

बाटली तिच्या ओठापाशी हुती. तिनं ती खाली घेतली.

"त्यानं मागितलं आन तू पिलास?"

"व्हय."

तिनं पाणी पिलं न्हाय. बूच लावून बाटली माझ्या मांडीवर ठेवली. ताईताकडं लई वेळ बघितलं, पण हात लावला न्हाय. "मला देऊ नगंस," ती म्हणली. "मी बसले असते मरंस्तोवर, आई हाय मी. पण त्या पोरीला मी बसवून ठेवली. तुझ्या शब्दावर. दर्यातल्या चोरांनी माझं पोरगं नेलं, कुंडल्या. सून तू नेलीस. चल, तिच्या हातात दे."

एस्टीत मी शेजारी बसलो तर उठून दुसऱ्या बाकावर गेली.

डाळजला वैनी ओटा सारवत हुती. बावड्याच्या त्या माणसाला तवर दुसरीपासून दोन पोरं झाली हुती. मी ताईत पुढं केला. वैनीनं शेणाचा हात पदराला पुसला, ताईत घेतला, उलटापालटा करून बघितला.

"कवाचा हा?"

"ब्याण्णवचा. तराफ्यावरचा."

ती रडंल, मला बडवंल असं वाटलं हुतं. मला तेच पायजे हुतं.

"सोपानदादा आला हुता त्या दिशी बी तुमच्या खिशात हुता?"

"व्हय, वैनी."

"तितंच बसला हुता तुमी," तिनं ओल्या ओट्याकडं बोट दाखवलं. "आन चहात आणखी साखर मागितली हुती."