दौरा आणि एकोणचाळीस नावे

“काऊन साहेब, मी गाव सोडून गेली, असं लिवलं तुमी. गेली कुठं, ते तरी सांगा!”

यमुनाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. वर्धा जिल्ह्यात, वणा नदीच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता. मी तेथील नायब तहसीलदार. निवडणूक शाखा माझ्याकडे. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मतदारांची कच्ची यादी हरकतींसाठी लावली होती. तीतून यमुनाबाईंसह एकाच गावची एकोणचाळीस नावे वगळली गेली होती. शेरा एकच: स्थलांतरित. दावे दाखल करण्यास तीन दिवस उरले होते. त्यानंतर येत्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते.

घरोघर फिरून नोंदी करणाऱ्या मास्तरांना बोलावले.

“घराले कुलूप होतं, साहेब. मी तीनदा गेलतो.”

“हंगामात आमी मळ्यावर राह्यतो,” यमुनाबाई म्हणाल्या. “दर बाजाराले माह्याजवळून वांगे नेता, मास्तर. वांग्याचा पत्ता मालूम हाय, माहा नाई?”

मास्तरांनी नोंदीचा छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. मळेकरी हिवाळाभर गावातले घर बंद करून नदीकाठी खोपटात राहतात, हे त्यांना ठाऊक होते. परंतु नमुन्यात घराचा रकाना होता, खोपटाचा नव्हता.

एकोणचाळीस अर्ज मळ्यांवर जाऊन भरून घेणे आवश्यक होते. माझ्याकडे दोन लिपिक होते. त्याच सकाळी तहसीलदारांनी दोघांनाही मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याच्या मंडपावर पाठवले. मी त्यांच्या दालनात गेलो.

“साहेब, लिपिक परत हवेत.”

“दावे थांबतील. दौरा थांबत नाही.”

“मुदत निवडणूक आयोगाची आहे. यादीचे काम संपेपर्यंत हे नोकर कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत.”

“तुमचा आयोग दिल्लीत आहे. इथे त्याची एक खुर्ची तरी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग तसा लेखी आदेश द्यावा.”

त्यांनी आदेश दिला नाही. लिपिकही दिले नाहीत.

येथे वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. काही देशांत निवडणूक यंत्रणेचे स्वतःचे नोकर असतात. काही देशांत सरकारचेच एक खाते निवडणूक घेते. आपण वर स्वतंत्र आयोग ठेवला आणि खाली महसूल खात्याचे व शाळांचे नोकर उसने घेतले. उसन्या नोकराला दोन धनी असतात. त्यांपैकी एकच रोज समोर दिसतो.

मी मास्तरांना सायकल काढायला सांगितले. दोन दिवस आम्ही मळ्यांमधून फिरलो. मास्तर अर्ज भरत, मी अंगठे घेई. यमुनाबाई पुढे चालत ओरडत, “या वं बाया, मेलेले नाई आपण, हे सांगाले साहेब आले!” मी त्यांना दोनदा गप्प केले. उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर्व अर्ज दाखल झाले. चौकशीअंती एकोणचाळीसही नावे यादीत परत आली. दरम्यान दौऱ्याच्या मंडपावर, जिथे मीही हजर असणे अपेक्षित होते, माझी अनुपस्थिती नोंदली गेली.

वर्षअखेरीस तहसीलदारांनी माझ्या गोपनीय अहवालात, म्हणजे ज्यावर बढती ठरते त्या कागदात, एक ओळ लिहिली: “शासकीय कामात उदासीन.” बढती चार वर्षे लांबली. आयोगाला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

एखादी संस्था किती स्वतंत्र आहे हे तिच्या कायद्यात शोधू नये. तिच्या नोकराचा गोपनीय अहवाल कोण लिहितो, ते पाहावे.