तिला दिलेली वाकळ

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस निवळतं. मी काही निवळले नाही.

जिंतूर तालुक्यात, चारठाण्याजवळ आमचं गाव. रझाकारांची धामधूम सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी कापड सहजी मिळत नव्हतं. फाटक्या धोतराची चिंधीसुद्धा कुणी टाकत नसे. अशा दिवसांत मी माझ्या मैत्रिणीसाठी वाकळ शिवायला घेतली. तिच्या घरी अंथरायला पोत्याशिवाय काही नव्हतं. बाप नव्हता, मायलेकी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. वाकळीवर घालायला मी माझ्या मेलेल्या मायचं हिरवं लुगडं काढलं. ते मी स्वतःसाठी जपून ठेवलं होतं. दिवाळीआधी बसले ती चांगली थंडी पडेपर्यंत रोज दुपारी शिवत होते. ती शेजारी बसून चिंचा खायची आणि गावभरच्या गप्पा सांगायची. सुई हातात दिली तर म्हणायची, "मला न्हाई बाई जमत, तूच कर." तिचा टाका हातभर पडायचा, मग मीच तो उसवायची आणि दोघी पोट धरून हसायचो. लय जीव होता माझा तिच्यावर.

माय वाकळीच्या चारी कोपऱ्यांना लाल चिंधीची त्रिकोणी घडी घालून फूल बसवायची. गावात दुसरं कुणी तसं करत नव्हतं. मी तिच्याकडूनच शिकले. आमच्या घरच्या वाकळीला मी ती फुलं घातली होती, मैत्रिणीच्या वाकळीलाही घातली.

माघात पाथरीकडून एक बाई मुलासाठी पोरी बघायला आली. मुलगा मास्तर होता, उर्दू जाऊन नुकत्याच मराठी झालेल्या शाळेवर. गावात दोन घरं बघायची होती, सकाळी मैत्रिणीचं आणि दुपारी आमचं. आमच्याकडं तेव्हा पाहुण्यांना मुलीनं स्वतः शिवलेल्या वाकळीवर बसवायचे. पोरीचा हात कसा आहे ते तिथंच कळायचं. मी काळी, दात जरा पुढं. माझ्याजवळ दाखवायला तेवढा हातच होता. याआधी तीन स्थळं नाही म्हणून गेली होती, आणि दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, या स्थळाची फार आशा होती.

दुपारी मैत्रीण माझी वेणी घालायला आली. मी विचारलं, "सकाळी काय झालं?"

"काय न्हाई. गूळपाणी घेऊन गेले," ती म्हणाली.

तिच्यासमोरच दादांनी वाकळ झटकून ओसरीवर अंथरली. तिनं पाहिलं, आणि माझी वेणी घालत राहिली.

बाई येऊन बसली. बसता बसता तिचा हात कोपऱ्यावरच्या फुलावर गेला आणि तिथंच थांबला. "ही कुणी शिवली?"

"पोरीनंच की," दादा म्हणाले.

"सकाळच्या घरी हीच फुलं होती. ती पोरगी म्हणाली, मी शिवली. मग ही तुमी तिच्याकडूनच आणली का?"

मैत्रीण माझ्या मागं उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं, आता चूक झाली म्हणेल. बाईनं तिलाच विचारलं, "खरं सांग, दोन्ही कुणाच्या हातच्या?"

"माझ्याच," ती म्हणाली. "हिला जमत न्हाई, म्हणून दिली शिवून."

दादांची मान खाली गेली. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण पाहुण्यांपुढं बिनबापाच्या पोरीला खोटं पाडणं त्यांना जमेना. मला जमलं. मी आतून दोन सुया, दोरा आणि चिंध्या आणल्या, तिच्यापुढं टाकल्या आणि म्हणाले, "घाल दहा टाके. मीबी घालते. बघू दे मावशीला." तिला सुईत दोरासुद्धा ओवता येईना. मी माझे दहा टाके घालून चिंधी बाईच्या मांडीवर ठेवली.

बाईनं चिंधी उलटून-पालटून पाहिली. "हात तुझाच हाय," ती म्हणाली. "पण टाका मी सुनेला शिकवीन. ती खोटं बोलली, पण खाली मान घालून बोलली. चारचौघांत अशी तडकणारी पोरगी मला घरात नको."

आठ दिवसांत मैत्रिणीचं लग्न ठरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लाल चिंधी घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "मला तेवढं फूल बसवायला शिकव. सासू विचारंल."

माझं डोकंच फिरलं. तरी मी विचारलं, "वेणी घालताना मला सांगितलं का न्हाईस? मी ती वाकळ उचलून ठेवली असती."

ती म्हणाली, "उचलली असतीस, आन् दुसरी दाखवली असतीस. मग त्यांनी तुलाच पसंत केलं असतं. तुला दादा हायेत, तुला मिळंल दुसरं स्थळ. मला वाटलं, तू माझ्यासाठी गप बसशील."

ती घाबरून खोटं बोलली असती तर मी कधीच विसरून गेले असते. पण माझ्या केसांत फणी फिरवतानाच तिनं हे ठरवलेलं होतं, आणि तेही माझा तिच्यावर जीव होता, त्या भरवशावर. मी दार लावून घेतलं. ती बाहेरून बराच वेळ मला हाका मारत होती. मी आत कडी घट्ट धरून रडत होते.